शीघ्रोच्चात लपलेला सूर्य

सुदामानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नववीत आहे आणि घरात सासऱ्यांच्या काळापासून पंचांग येतं. पंचांगात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो आणि मंगळ वक्री होतो, म्हणजे सगळे पृथ्वीभोवतीच फिरत असल्यासारखं लिहिलेलं असतं. तरी ग्रहण मिनिटाला बरोबर लागतं. शाळेत मात्र शिकवलं, की पृथ्वी मध्यभागी हे मॉडेल चूक होतं. चूक होतं तर ग्रहण बरोबर कसं? त्यातच मुलानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. ग्रह सूर्याभोवती फिरतच नाहीत, सूर्य पुढे पळतो आणि ते त्याच्यामागे मळसूत्रासारखे ओढले जातात, असं त्यात दाखवलंय. ताई विचारतात, मी त्याला काय सांगू?

ताई, तुम्ही योग्य माणसाला गाठलंत असं म्हणायला हरकत नाही. मी इंदुरात तेहतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. आणि माझे वडील घरी, जुन्या रामबागेत, पाटावर वही ठेवून ग्रहलाघव या जुन्या गणितग्रंथावरून पंचांगाचं गणित करायचे. त्यामुळे हे दोन्ही हिशेब मी एकाच घरात वाढताना पाहिले आहेत, आणि त्यांचं भांडणही.

आधी ग्रहणाचं मिटवून टाकू. कोणतं मॉडेल बरोबर हे ठरवायला ग्रहण ही सगळ्यात कुचकामी परीक्षा आहे. ग्रहणात गुंतलेले तिघंच: सूर्य, चंद्र आणि पृथ्वी. त्यांतला चंद्र तर खरोखरच पृथ्वीभोवती फिरतो, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. राहिला सूर्य. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, या दोन्ही वर्णनांत सूर्याकडे पाहायची दिशा एकच येते. तुम्ही गच्चीवर टाकीभोवती गोल चाललात काय किंवा टाकी तुमच्याभोवती कुणी ओढत नेली काय, टाकी कोणत्या दिशेला दिसते हा हिशेब एकच. म्हणून पृथ्वी मध्यभागी धरूनही ग्रहणं निघतात आणि सूर्य मध्यभागी धरूनही निघतात. शिवाय हल्लीच्या बहुतेक पंचांगांतल्या वेळा आधुनिक गणिताच्याच असतात. मांडणी जुनी, आकडे नवे. निव्वळ ग्रहलाघवासारख्या जुन्या करणग्रंथावरून काढलेलं ग्रहण आज पाहिलं तर वेळेत चांगलाच फरक पडतो. आमच्या वडिलांना तो फरक माहीत होता, आणि त्यांचा त्याला इलाज नव्हता.

खरी परीक्षा ग्रहांची, आणि त्यातही मंगळाची.

मंगळ एरवी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. साधारण 26 महिन्यांतून एकदा तो हळू होतो, थांबतो, अडीचएक महिने उलटा चालतो आणि पुन्हा सरळ लागतो. हे वक्री होणं बरोबर तेव्हाच घडतं जेव्हा मंगळ सूर्याच्या थेट समोर असतो, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवतो. आणि तेव्हाच तो सगळ्यात तेजस्वीही असतो. या तीन गोष्टी एकत्र का घडाव्यात?

हे मुलांना समजावं म्हणून मी मैदानावर एक खेळ घेत असे. चुन्यानं दोन वर्तुळं आखायची, एक चार पावलं त्रिज्येचं, दुसरं सहा पावलांचं. मधे सूर्य म्हणून एक मुलगा उभा करायचा. आतल्या वर्तुळावर पृथ्वी, बाहेरच्यावर मंगळ, दोघांच्या हातात एकच दोरी, दोघंही घड्याळाच्या उलट्या दिशेनं चालणार. मी टाळी वाजवली की एक पंधरवडा सरला. बाकीच्या मुलांनी दूरच्या पाण्याच्या टाकीच्या आणि इमारतींच्या मानानं दोरी कुठे रोखली आहे ते पाहायचं. दोरीची दिशा म्हणजेच पृथ्वीवरून मंगळ दिसण्याची दिशा.

पहिल्यांदा हा खेळ माझ्या हातून सपशेल फसला, आणि त्या फसण्यातून मी जे शिकलो ते पुस्तकात शिकलो नव्हतो. मी दोन्ही मुलांना सांगितलं, प्रत्येक टाळीला एकेक पाऊल टाका. सारखंच पाऊल. मला वाटलं, मंगळाचं वर्तुळ मोठं, तेव्हा तो आपोआप मागे पडेल. पडलाही. पृथ्वी त्याच्या शेजारून गेली, दोरी थांबली, आणि मग पुन्हा पुढेच सरकू लागली. मागच्या बाकावरच्या एका पोरानं ओरडून सांगितलं, "सर, मंगल रुक तो गया, पर पलटा नहीं!" तो बरोबर होता. दोघं समांतर, सारख्या वेगानं चालत असतील तर शेजारून जाताना दोरीची दिशा क्षणभर स्थिर राहते, उलटी फिरत नाही. मंगळ वक्री व्हायचा असेल तर त्याचं पाऊल पृथ्वीपेक्षा आखूडच असावं लागतं. रात्री हिशेब केला. पृथ्वी पंधरवड्यात 15 अंश चालते, मंगळ 8 अंश. चार पावलांच्या वर्तुळावर 15 अंश म्हणजे जेमतेम एक पाऊल आणि सहा पावलांच्या वर्तुळावर 8 अंश म्हणजे सुमारे 0.84 पाऊल. प्रत्यक्ष आकाशात पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर जाते, मंगळ 24. प्रमाण तेच. पुढच्या आठवड्यात मंगळाच्या मुलाला आखूड पावलं टाकायला लावली आणि दोरी पाच टाळ्या उलटी फिरली.

आता हे लक्षात ठेवा, कारण आपल्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे जुन्या ज्योतिषाच्या मूळ ग्रंथांत, ग्रहांची अंतरं काढताना हीच चूक आहे, जी मी मैदानावर केली. सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात असं गृहीत धरलेलं आहे. ज्याला फेरी मारायला जास्त दिवस लागतात तो त्याच प्रमाणात लांब. शहाणपणाचं वाटणारं, पण आकाशाला मान्य नसलेलं गृहीत. मग त्या ग्रंथांत मंगळ वक्री कसा होतो? त्यासाठी त्यांनी वेगळी सोय केली, आणि मला जे सांगायचंय ते या सोयीतच आहे.

वडिलांच्या वहीत एखादा ग्रह काढायचा तर क्रम ठरलेला असे. आधी अहर्गण, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून किती दिवस झाले. त्यावरून मध्यम ग्रह, म्हणजे ग्रह सरासरी गतीनं चालला असता तर कुठे असता. मग दोन दुरुस्त्या. मंदफल, कारण ग्रहाची चाल कधी जलद कधी संथ असते. आणि शीघ्रफल, ज्यातून वक्री-मार्गी निघतं. शीघ्रफलासाठी मोठ्या कक्षावृत्तावर एक छोटं वर्तुळ कल्पायचं आणि ग्रह त्या छोट्या वर्तुळावर फिरतो असं मानायचं. तो त्या वर्तुळावर कुठे आहे हे ठरवणारा बिंदू म्हणजे शीघ्रोच्च. ग्रीकांच्या बाजूनं दुसऱ्या शतकात टॉलेमीनं अलेक्झांड्रियात हीच युक्ती वापरली होती. नावं वेगळी, वर्तुळावर वर्तुळ तेच.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, मंगळाचं शीघ्रोच्च म्हणजे कोण? ते म्हणाले, रवी. गुरूचं? रवी. शनीचं? रवीच. मी पुढे विचारलं नाही. मग बुध आणि शुक्र यांचं उलटं आहे. त्यांचा मध्यम ग्रह म्हणजे रवी, आणि शीघ्रोच्चाला मात्र स्वतःची गती. आर्यभटानं इसवी सन 499 च्या ग्रंथात महायुगाच्या 43,20,000 वर्षांत बुधाच्या शीघ्रोच्चाच्या 1,79,37,020 फेऱ्या दिल्या आहेत आणि शुक्राच्या शीघ्रोच्चाच्या 70,22,388. एवढ्या वर्षांत दिवस धरले आहेत 1,57,79,17,500. भागाकार करून पाहा: बुध 87.97 दिवस, शुक्र 224.70 दिवस. आजच्या कोणत्याही पुस्तकात सूर्याभोवती फिरायला बुधाला 88 आणि शुक्राला 225 दिवस लागतात असं छापलेलं असतं. तोच आकडा.

कॉलेजात लागल्यावर एका उन्हाळ्यात मी सूर्यसिद्धांत या तशाच एका जुन्या ग्रंथातले शीघ्रपरिधी घेऊन बसलो. तिथे मोठ्या वर्तुळाचा परीघ 360 धरून छोट्या वर्तुळाचा परीघ दिलेला असतो. मंगळाचा 235, गुरूचा 70, शनीचा 39, शुक्राचा 262, बुधाचा 133. (हे आकडे ग्रहाच्या स्थानानुसार किंचित बदलतात, ते सोडून देऊ.) बाहेरच्या तीन ग्रहांसाठी 360 ला या आकड्यानं भागा. मंगळ 1.53, गुरू 5.14, शनी 9.23. आतल्या दोघांसाठी आकड्याला 360 नं भागा. शुक्र 0.73, बुध 0.37. आता पाठ्यपुस्तक उघडा आणि पृथ्वी-सूर्य अंतर 1 धरलं तर ग्रहांची सूर्यापासूनची सरासरी अंतरं पाहा: मंगळ 1.52, गुरू 5.20, शनी 9.5, शुक्र 0.72, बुध 0.39.

मी ती वही वडिलांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सूर्य इथेच बसला होता की."

बसला होताच. पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या प्रत्येक हिशेबात, आपल्या आणि टॉलेमीच्याही, पाचही ग्रहांच्या पोटात सूर्याचं एक वर्ष लपलेलं आहे. मंगळाचं, गुरूचं, शनीचं छोटं वर्तुळ म्हणजे खरं तर पृथ्वीचीच कक्षा, जी आपण ग्रहावर ढकलली. आपण चाललो, आणि डोलण्याचा आरोप ग्रहावर ठेवला. त्यामुळे ते मॉडेल "चूक होतं" हे शाळेतलं वाक्य मला फार आवडत नाही. दिशा सांगायचं काम ते चोख करत होतं. त्याचा दोष वेगळा होता: एकच गोष्ट त्याच्यात पाच वेळा लिहिलेली होती, आणि ती एकच आहे हे त्याला माहीत नव्हतं.

कोपर्निकसनं 1543 मध्ये जे केलं ते एवढंच. पाच ठिकाणचा तो समान तुकडा काढून एकदाच पृथ्वीला दिला. त्यानं भाकितं काही फार सुधारली नाहीत. त्याच्या ग्रंथातही वर्तुळांवर वर्तुळं आहेतच. पण मंगळ वक्री होताना सूर्यासमोरच का असतो, तेव्हाच तेजस्वी का असतो, शुक्र मध्यरात्री डोक्यावर कधीच का दिसत नाही, हे आधी स्वतंत्रपणे मानून घ्यावं लागायचं. आता ते आपोआप निघू लागलं. आणि सगळ्यांत मोठा लाभ म्हणजे माप. आधी प्रत्येक ग्रहाचं मोठं वर्तुळ आपापल्या मापाचं. गुरूचं छोटं वर्तुळ आणि मंगळाचं छोटं वर्तुळ एकाच लांबीचं आहे असं म्हणायला काही आधारच नव्हता, म्हणून मी त्या उन्हाळ्यात केलेला भागाकार जुन्या ज्योतिषाच्या चौकटीत अर्थहीन ठरला असता. एकदा ते छोटं वर्तुळ पृथ्वीची कक्षा ठरलं की सगळ्या सूर्यमालेला एकच फूटपट्टी लागते.

त्या फूटपट्टीनं मुलाला इंदूर मोजून दाखवा. राजवाड्यासमोर 1.4 मीटर व्यासाचा सूर्य ठेवला तर पृथ्वी 150 मीटरवर, बोराच्या बी एवढी. गुरू पाऊण किलोमीटरच्या पुढे. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे पलासिया ओलांडून. शाळेतल्या तारेच्या मॉडेलात हे सगळं एका टेबलावर बसवलेलं असतं, त्यात त्या बिचाऱ्या मॉडेलाचा दोष नाही, पण आकार आणि अंतर दोन्ही खरी दाखवणारं मॉडेल वर्गात मावतच नाही हे मुलांना कुणी तरी सांगायला हवं.

जाता जाता एक. आर्यभटानं सूर्य मध्यभागी असल्याचं सांगितलं होतं, असे संदेश फिरत असतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्यानं स्वच्छ सांगितलं, नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात असा दाखलाही दिला. पण ग्रह सूर्याभोवती फिरतात असं त्याच्या ग्रंथात म्हटलेलं नाही. शीघ्रोच्चाच्या आकड्यांवरून तसा तर्क करणारे विद्वान आहेत. मला तो तर्क ओढून आणल्यासारखा वाटतो. त्या वाटेवर सगळ्यांत पुढे गेला केरळचा नीलकंठ सोमयाजी. त्यानं इसवी सन 1500 च्या सुमारास बुध-शुक्राचा हिशेब सुधारला आणि पाचही ग्रह सूर्याभोवती, सूर्य मात्र पृथ्वीभोवती, अशी रचना मांडली. युरोपात टायको ब्राहेनं जवळपास तशीच रचना मांडली ती त्यानंतर आठ-नऊ दशकांनी. आपल्या माणसांचं खरं श्रेय पुरेसं मोठं आहे, त्याला खोटी झालर लावायची गरज नाही.

आता मंदफलाकडे येतो, म्हणजे ग्रहाची चाल जलद-संथ का होते त्याकडे. हे पाहायला इंदूरहून दीड तासावर, उज्जैनच्या वेधशाळेत जा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली, ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारानं 1923 मध्ये दुरुस्त करून घेतलेली ही वेधशाळा. तिथलं नाडीवलय यंत्र पाहा. विषुववृत्ताला समांतर बसवलेल्या त्याच्या दोन तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड केलेली, एक दक्षिणेकडे. सूर्य उत्तर गोलार्धात असताना उत्तरेच्या तबकडीवर ऊन असतं, दक्षिण गोलार्धात असताना दक्षिणेच्या. बहुतेक लोक सम्राट यंत्रावर वेळ बघतात, फोटो काढतात आणि निघतात. पण तिथे उभं राहून एक हिशेब करा. 21 मार्च ते 23 सप्टेंबर हे दिवस मोजले तर 186 भरतात. उरलेले 179. म्हणजे उत्तरेच्या तबकडीला वर्षात आठवडाभर ऊन जास्त. सूर्याची चाल सारखी असती तर दोघींना सारखं मिळालं असतं. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे 14.71 कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा जोरात धावते. जुलैच्या सुरुवातीला 15.21 कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा रमतगमत जाते.

पंचांगातही हे दिसतं. सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवसांच्या आसपास रेंगाळतो आणि धनु राशीतून साडेएकोणतीस दिवसांच्या आतच निघून जातो. चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा. ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशीबदल, होत नाही तो अधिक, मग सूर्य रेंगाळतो तेव्हाच अधिक महिना पडणार. 2020 चा आश्विन, 2023 चा श्रावण, 2026 चा ज्येष्ठ. अधिक पौष कधी ऐकलाय? आमच्या घरी धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळायचे, त्याच्या मुळाशी पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता (सूर्य तिच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते) आहे हे मी माझ्या सासऱ्यांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी अनारसा पुढे केला.

जुन्यांनी ही जलद-संथ चाल वर्तुळानंच साधली. मध्यबिंदू थोडा सरकवायचा, आणि टॉलेमीनं तर आणखी एक बिंदू काढला, ज्यावरून पाहिलं तर ग्रह समान गतीनं फिरताना दिसेल. हा जुगाड इतका चांगला होता की चौदाशे वर्षं चालला. तो मोडला केप्लरनं, आणि तोही मंगळावरच.

टायकोचे मंगळाचे वेध केप्लरच्या हाती पडले. दुर्बीण नव्हती, तरी ते वेध एक-दोन कलांपर्यंत बरोबर असत. (एका अंशाच्या 60 कला, पौर्णिमेचा चंद्र साधारण 30 कलांचा दिसतो.) केप्लरनं वर्तुळ आणि सरकवलेले बिंदू घेऊन मंगळाला बसवलं, आणि 8 कलांचा फरक उरला. पूर्णचंद्राचा पाव भाग. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वेधातच चूक असेल. केप्लरनं टायकोवर विश्वास ठेवला आणि वर्तुळ टाकून दिलं. 1609 मध्ये त्यानं छापलं, की कक्षा लंबवर्तुळ आहे, सूर्य तिच्या एका नाभीवर, म्हणजे मध्यापासून बाजूच्या एका ठरावीक बिंदूवर आहे, आणि सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ व्यापते.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण लंबवर्तुळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर अंडं येतं. पाठ्यपुस्तकांतली चित्रंच तशी असतात, आणि त्यामुळेच निम्म्या वर्गाला वाटतं की पृथ्वी सूर्याजवळ येते तेव्हा उन्हाळा होतो. जानेवारीत जवळ असते हे आत्ताच पाहिलं. मंगळाची कक्षा अंगणात रांगोळीनं काढायची तर दोन मीटर लांब काढा. रुंदीला ती फक्त 9 मिलिमीटर कमी भरेल. डोळ्याला वर्तुळच. पण सूर्य मात्र मध्यापासून 9 सेंटिमीटर बाजूला ठेवावा लागेल, आणि ते लगेच दिसतं. पृथ्वीच्या कक्षेची रुंदी तर पाव मिलिमीटरनं कमी, रांगोळीच्या रेघेपेक्षा बारीक. म्हणजे जुन्यांची बाजूला सरकवलेली वर्तुळं अगदी रास्त होती. आणि टॉलेमीचा तो समान गतीचा बिंदू? लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एकीवर सूर्य. दुसऱ्या, रिकाम्या नाभीवरून पाहिलं तर ग्रह जवळजवळ समान गतीनं फिरताना दिसतो. टॉलेमीनं त्या रिकाम्या नाभीवरच बोट ठेवलं होतं. उरलेली चूक उत्केंद्रतेच्या वर्गाच्या चतुर्थांशाइतकी असते. मंगळाची उत्केंद्रता 0.0934, तेव्हा ती येते सुमारे साडेसात कला. केप्लरला जी 8 कलांची खोट सापडली ती हीच. शुक्राची उत्केंद्रता 0.007 सुद्धा भरत नाही. टायकोनं मंगळाऐवजी शुक्राचे वेध केप्लरच्या हाती दिले असते तर लंबवर्तुळ सापडलं नसतं.

केप्लरचा तिसरा नियम 1618 चा: ग्रहाच्या वर्षाचा वर्ग आणि त्याच्या अंतराचा घन यांचं प्रमाण सगळ्यांना एकच. गुरूचं वर्ष 11.86, वर्ग 140.7. अंतर 5.20, घन 140.6. सूर्यसिद्धांतातून काढलेलं मंगळाचं 1.53 घेतलं तरी घन 3.58 आणि वर्ग 3.54 येतो. लांबच्या ग्रहाला नुसता रस्ता मोठा नसतो, त्याचं पाऊलही आखूड असतं. माझ्या मैदानावरच्या मुलांना हाच नियम पाहिजे होता.

का आखूड असतं, हे सांगायला न्यूटन लागला. 1687. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते, एवढं एक मानलं की केप्लरचे तिन्ही नियम गणितातून बाहेर पडतात. आणि त्याबरोबर केप्लर थोडा चूकही ठरतो, कारण ग्रह एकमेकांनाही ओढतात आणि सूर्यालाही ओढतात. गुरू आणि सूर्य ज्या बिंदूभोवती फिरतात तो सूर्याच्या केंद्रापासून सुमारे 7,42,000 किलोमीटरवर आहे आणि सूर्याची त्रिज्या 6,96,000. म्हणजे बिंदू सूर्याच्या बाहेर पडला. "ग्रह सूर्याभोवती फिरतात" हे तुमच्या मुलाच्या पुस्तकातलं वाक्यसुद्धा काटेकोर म्हणता येत नाही. पुढे युरेनसच्या चालीतली गडबड पाहून 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या चालीत शतकाला 43 विकलांची (एका कलेच्या 60 विकला) खोट उरली, तिच्यासाठीही आणखी एक ग्रह शोधून पाहिला, तो मिळाला नाही, आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनं ती खोट भरून काढली. आजचं पंचांग ज्या आकड्यांवर चालतं त्यात हे सगळं घातलेलं असतं. आणि मग शेवटी छापताना ते पुन्हा पृथ्वीवरून पाहिलेल्या राशी-अंशांत उतरवतात, कारण पाहणारा इंदुरात उभा आहे, सूर्यावर नाही.

राहिला तो व्हिडिओ. त्यात एक खरी गोष्ट आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला 220 ते 230 किलोमीटर वेगानं जातोय आणि ग्रह त्याच्याबरोबर जाताहेत, तेव्हा बाहेरून पाहिलं तर पृथ्वीचा मार्ग मळसूत्री दिसेल. पण दोन ठिकाणी तो व्हिडिओ थापा मारतो. एक, ग्रह सूर्याच्या मागे ओढले जात नाहीत. ग्रहांच्या कक्षांचं प्रतल आकाशगंगेच्या प्रतलाशी सुमारे 60 अंशांत कललेलं आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीत ग्रह काही काळ सूर्याच्या पुढेही असतो. दोन, वेटोळी. वर्षभरात सूर्य पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 47 पट पुढे जातो आणि पृथ्वी त्या रेषेपासून एक पटीपेक्षा जास्त कधी हटत नाही. असं मळसूत्र काढून पाहा. इंदूरच्या माणसाला पटकन सांगायचं तर ती जलेबी नाही, शेव आहे: जवळजवळ सरळ, जराशी वाकडी.

शाळेच्या परीक्षेत त्याला "सूर्यकेंद्री मॉडेल बरोबर" असंच लिहू द्या, गुण जाऊ देऊ नका. घरी मात्र त्याला स्वतः मंगळ वक्री झालेला पाहू द्या. 2027 मध्ये चांगली संधी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळ सिंह राशीच्या ताऱ्यांमध्ये थबकेल आणि उलटा चालू लागेल, 19 फेब्रुवारीला सूर्याच्या बरोबर समोर येईल, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा मार्गी लागेल. मधे तो मघा या ठळक ताऱ्याच्या जवळून मागे सरकताना दिसेल, त्यामुळे मोजायला खूण आयती आहे. गच्चीवरून आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळेला, मघा आणि आजूबाजूचे चार-पाच तारे कागदावर काढायचे आणि मंगळ कुठे आहे तिथे ठिपका द्यायचा. मूठ हात लांब करून धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश भरते, तेवढं माप पुरे. नोंदी पेन्सिलनं करायला सांगा. जानेवारीच्या पहाटे गच्चीवर दव पडतं आणि शाईची वही सकाळपर्यंत वाचण्यासारखी राहत नाही.